चारशे घोडे, मागची दोन चाकं

बीएमडब्ल्यूची ‘ई ३९’ पिढीतली एम ५ रस्त्याकडेला उभी असली, तर शेजारच्या साध्या ५२० आयपासून ती वेगळी ओळखायला दोनदा बघावं लागतं. मागे चार एक्झॉस्ट नळ्या, आरसे जरा वेगळे, टायर रुंद, एवढाच फरक. पण १९९८ ते २००३ या काळात बनलेल्या या चार दारांच्या गाडीत ४.९ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे. ४०० अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर आणि क्लच. ऑटोमॅटिकचा पर्याय कंपनीने दिलाच नाही. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला ५.३ सेकंद लागतात. आणि ही सगळी ताकद जाते ती फक्त मागच्या दोन चाकांकडे.

जर्मनीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली मुलं अशी गाडी सेकंड हँड घ्यावी का, असं विचारतात. त्या प्रश्नाबरोबर ऐकीव गोष्टींचं गाठोडंही येतं. कोणी सांगितलेलं असतं की पावसात ती गरकन फिरते, कोणी म्हणालेलं असतं की आता कॉम्प्युटरच सगळं सांभाळतो. दोन्ही समज अंगाशी येऊ शकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे धोका’

निदान आपण तरी असं म्हणू नये. प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची, ॲम्बॅसेडरही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दशकानुदशकं पावसाळे काढले ते मागच्याच चाकांच्या जोरावर. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद देण्याची पद्धत घरोघरी पोचली. आजही बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर धावतात, आणि त्यांच्या कितीतरी मालकांना याचा पत्ताही नसतो. पद्मिनीकडे ४० च्या आसपास अश्वशक्ती होती. कोरड्या रस्त्यावर टायर सोडवण्याइतका जोरच त्या इंजिनात नव्हता. एम ५ कडे तो दहापट आहे. तेव्हा चाकं पुढची की मागची, हा खरा प्रश्न नाही. टायरला जेवढं पेलवतं त्याहून जास्त आपण त्याच्याकडून मागतोय का, हे बघायचं.

टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. वळणात गाडी धरून ठेवणं, वेग वाढवणं आणि ब्रेक लावणं हे तिन्ही खर्च त्याच एका रकमेतून भागवायचे. वळणात ती जवळजवळ सगळी संपलेली असताना ॲक्सिलरेटर दाबला, तर मागच्या टायरकडे काही शिल्लक राहत नाही आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाच उद्योग केला तर ती वळायचं सोडून नाकासमोर सरळ जाते. सामान्य चालकाला हे दुसरं संकट सोपं जातं, कारण घाबरून पाय काढला की गाडी पुन्हा वळायला लागते. मागच्या चाकांच्या गाडीत मात्र पाय एकदम उचलला तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि गाडी आणखी फिरते किंवा झटक्यात उलट बाजूला फेकली जाते. म्हणून शिकायचं ते हे: वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेक, वळणात पाय स्थिर, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा ॲक्सिलरेटर. यात शौर्याचा काही भाग नाही, निव्वळ सवयीचा आहे.

वजन असं पुढेमागे सरकतं, म्हणूनच तर ताकद मागे दिलेली असते. वेग वाढताना गाडी मागे बसते, मागच्या टायरवर भार येतो आणि पकड वाढते. तीच ४०० अश्वशक्ती पुढच्या चाकांना दिली असती तर ऐन गरजेच्या क्षणी ती चाकं हलकी झाली असती, आणि वळवायचं कामही त्यांच्याकडेच असल्याने स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं असतं.

‘कॉम्प्युटर गाडी फिरूच देत नाही’

गाडीला फिरण्यापासून वाचवणारी स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये बाजारात आणली, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. चालकाने स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याची ती सतत तुलना करते. तफावत दिसली की एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. पण तिच्या हातात असतात ते ब्रेक आणि इंजिन. नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. ज्या वळणावर ७० चा वेग झेपतो तिथे ११० ने शिरलात, तर चारही टायर सुटलेल्या गाडीत ती काहीच करू शकणार नाही.

याच्या उलटा समज मला जास्त घातक वाटतो: खरा ड्रायव्हर स्टॅबिलिटी कंट्रोलचं बटण बंद करून चालवतो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात एका एम ५ ने आठ तासांत ३७४ किलोमीटर आडवं घसरत जाण्याचा विक्रम केला. त्याची चित्रफीत बघून हात शिवशिवतात, हे मीही समजू शकतो. पण तो विक्रम मोकळ्या, वर्तुळाकार, मुद्दाम ओल्या ठेवलेल्या मैदानावर झाला आणि गाडी चालवणारा हेच शिकवण्याचं काम करणारा प्रशिक्षक होता. तिथे ना झाड होतं, ना दुभाजक, ना समोरून येणारा ट्रक. सार्वजनिक रस्त्यावर ते बटण बंद करण्याचं एकच कारण मला पटतं: चिखलात किंवा बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढणं. तेवढं झालं की लगेच चालू करायचं.

‘रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड’

कोरड्या रस्त्यावर बरोबर, साचलेल्या पाण्यात चूक. ई ३९ एम ५ ला पुढे २४५ आणि मागे २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला दर क्षणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, आणि मग गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो, स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याला १.६ पुरते, भारतातही आणि जर्मनीतही, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, ३ मिलिमीटरच्या आसपासच ढासळायला लागते. एवढ्या ताकदीच्या गाडीला मी ३ हीच मर्यादा मानतो. रेसट्रॅकसाठीचे, जेमतेम नक्षी असलेले मऊ टायर घालून पावसात हायवेला जाणं हा तर सरळ वेडेपणा आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन मागच्या चाकाशेजारी उकिडवे बसा. बाहेरून दिसणारी नक्षी झकास असेल, तिच्यावर जाऊ नका. हात आत घालून टायरची आतली कड चाचपा. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, त्यामुळे झीज आधी आतून होते. कितीदा तरी बाहेर ५ मिलिमीटर नक्षी असते आणि आतली कड तुळतुळीत झालेली असते, कधी तिथून तारा डोकावायला लागलेल्या असतात. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ असतील तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या हौशी गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर कडक होतं, आणि असा टायर पहिल्याच पावसात दगा देतो. चारही चाकांवर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे टायर नसतील तर मालकाने आणखी कुठे कुठे पैसे वाचवले असतील याचा अंदाज बांधा. पुढची-मागची मापं वेगळी असल्याने टायर आलटून पालटून वापरताही येत नाहीत. मागचे आधी संपणार, हे गृहीतच धरायचं.

जर्मनीतल्या वाचकांसाठी आणखी एक. उन्हाळी टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरतं. बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर तिथे सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर त्यात धरले जातात. हिवाळी टायर घातलेली मागच्या चाकांची गाडी नोव्हेंबर ते मार्च नीट वापरता येते. डिकीत वाळूची पोती टाकायचा जुना सल्ला मात्र सोडून द्या. त्याने निघताना थोडी मदत होते, पण थांबायला जास्त अंतर लागतं आणि शेपटी सुटली तर ती अधिक जोराने फिरते.

‘त्यापेक्षा फोर व्हील ड्राइव्ह घ्या, निर्धास्त राहा’

चारही चाकांना ताकद दिल्याने गाडी जोरात निघते, चढावर अडत नाही. थांबायच्या वेळी मात्र याचा फायदा शून्य, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. पकड नसलेल्या रस्त्यावर अशी गाडी उलट फसवते: वेग सहज वाढतो, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही. खुद्द एम ५ देखील २०१७ मध्ये आलेल्या ‘एफ ९०’ पिढीपासून चारही चाकांवर चालते. ६०० अश्वशक्तीनंतर दोन टायरना ते ओझं पेलेना, म्हणून कंपनीने केलेला हा बदल मला योग्य वाटतो. त्या गाडीत फक्त मागच्या चाकांचा पर्याय आहे, पण तो निवडायचा तर स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करावा लागतो.

‘ऑटोबानवर वेगाला मर्यादाच नाही’

सगळीकडेच मर्यादा नसते, असं नाही. बांधकामं, शहरालगतचे पट्टे, पाऊस अशा अनेक ठिकाणी मर्यादा असते. जिथे नसते तिथेही १३० हा शिफारस केलेला वेग आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल दिला की त्याहून वेगात असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. आणि ई ३९ एम ५ २५० ला थांबते ती इंजिन दमल्यामुळे नव्हे. जर्मन कंपन्यांनी आपसांत ठरवलेली ती मर्यादा इलेक्ट्रॉनिक्सने पाळली जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. वीस वर्षं जुने ब्रेक होज आणि कधी बदललं ते ठाऊक नसलेलं ब्रेक ऑइल घेऊन २०० च्या पुढे जाऊ नका.

‘जुनी झाली, आता स्वस्तात परवडते’

हा सगळ्यात महाग पडणारा समज. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. व्ही-८ चा व्हॅल्व्हच्या वेळा सांभाळणारा व्हॅनोस हा भाग, टायमिंग चेनचे गाइड, क्लच यांचं बिल तुम्ही गाडी कितीला घेतली हे बघून येत नाही. नंतरच्या ‘ई ६०’ एम ५ चं ५०७ अश्वशक्तीचं व्ही-१० ऐकायला अप्रतिम आहे, पण त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज आणि गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिक पंपाच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. मर्सिडीज सी ६३ च्या ६.२ लिटर इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत हेडच्या बोल्टची अडचण होती. या गाड्या वाईट आहेत असं मुळीच नाही. हे भाग बदलल्याची बिलं विकणाऱ्याकडे असतील तर जास्त पैसे मोजावेत, नसतील तर तो खर्च आपलाच.

सांभाळायची रीत अवघड नाही. ई ३९ च्या आरपीएम मीटरभोवती छोटे दिवे आहेत. इंजिन थंड असताना लाल पट्ट्याच्या अलीकडचे दिवेही लागलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात. पाण्याचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो, आणि बेअरिंगचा जीव त्या ऑइलवर असतो. दिवे विझेपर्यंत हळू चालवा. हे इंजिन थोडं ऑइल पितं, म्हणून पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा आणि कंपनीने त्या गाडीसाठी सांगितलेलं ऑइलच घाला. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी न भडकण्याचा तो गुण आहे. आपल्याकडे १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल साध्या हॅचबॅकमध्ये भरून पिकअप वाढला म्हणणारे पैसे वाया घालवतात. ज्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो जास्त आहे, त्याला मात्र ते लागतंच.

तेव्हा गाडीच्या किमतीशिवाय चार टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, जाणकार मिस्त्रीकडून पूर्ण तपासणी आणि ओल्या ट्रॅकवरचं एक दिवसाचं प्रशिक्षण (जर्मनीत ‘एडीएसी’ हा मोटार क्लब ते देतो) एवढे पैसे वेगळे काढलेले असतील, तर एम ५ जरूर घ्या. नसतील तर यंदा घेऊ नका. त्याच पिढीतली ५३० आय घ्या: सहा सिलिंडर, २३१ अश्वशक्ती, स्टिअरिंग व्ही-८ पेक्षा नेमकं, आणि तीही मागच्याच चाकांवर चालते.