ओवा, लसूण आणि रक्ती हगवण : ‘गुण आला’ म्हणजे नेमकं काय?

तत्त्वज्ञानाचा माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण ‘औषधाने गुण आला’ या साध्या वाक्यात कार्यकारणभावाचा सगळा प्रश्न दडलेला आहे. त्यासाठीच हे उदाहरण.

तीन-चार आठवड्यांची पिल्लं पंख पाडून बसतात, खाणं सोडतात, विष्ठेत रक्त दिसतं. ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्यात वाढतो, त्यामुळे ती होते. यावर खाद्यातून लसूण, ओवा, ओरेगॅनोचं तेल देतात. हे निव्वळ थोतांड आहे का? तसं नाही. ओव्यात थायमॉल असतं, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, आणि काही प्रयोगांत त्यांचा उपयोग दिसलेलाही आहे. मात्र मात्रा आणि अर्क बदलला की निष्कर्ष बदलतात.

खरी मेख पुढे आहे. आयमेरिया पोटात अमर्याद वाढत नाही. त्याच्या ठरावीक पिढ्या होतात, मग तो अंडपुटीच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडतो. हे चक्र साधारण आठवड्याचं. म्हणजे जगलेलं पिल्लू पुष्कळदा आपोआपच सावरतं आणि त्या जातीपुरती प्रतिकारशक्तीही मिळवतं. आता चौथ्या दिवशी लसूण दिला आणि आठव्या दिवशी पिल्लं दाणे टिपू लागली, तर श्रेय कुणाचं? मेलेली पिल्लं तर साक्ष द्यायला येत नाहीत!

म्हणून तुलना हवी. एकाच उबवणीची निरोगी पिल्लं दोन खुराड्यांत ठेवा, खाद्य तेच, ओवा एकीकडेच. मग वजन आणि मरतूक नोंदवा. आजारी पिल्लांवर मात्र असले प्रयोग करू नयेत.

दुसरा गोंधळ ‘नैसर्गिक’ या शब्दाचा. कोंबडीखाद्यात या रोगासाठी वापरलं जाणारं मोनेन्सिन मुळात मातीतल्या जिवाणूपासून मिळतं. तेच घोड्याच्या पोटात गेलं तर थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरतं. तेव्हा नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे अनुमान टिकत नाही.

मग करायचं काय? अंडपुटीला रोगकारक व्हायला ऊब, ओल आणि हवा लागते. एक-दोन दिवस पुरतात. म्हणून गादीचं तूस कोरडं ठेवा, पाण्याची भांडी सांडू देऊ नका. ओवा द्यायचा तर रोग नसताना, पूरक म्हणून. रक्त दिसलं की मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम पाण्यातून सुरू करा. हे औषध ब-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीची उपासमार करतं. त्यामुळे सोबत ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजलंत तर त्याचाच जोर कमी होईल. कारण माहीत असलं म्हणजे काय करायचं, तसंच काय टाळायचं, हेही कळतं.