कोंबडीच्या पिलांचा पहिला महिना

ज्याच्या अंगणात चार कोंबड्या नाहीत असा शेतकरी आपल्याकडे विरळाच; तथापि या जोडधंद्याकडे जितके लक्ष पुरविणे अवश्य आहे तितके फार थोडे लोक पुरवितात. बैलाच्या खुरास इजा झाली तर घरधनी रात्र जागून काढतो. पण बारा पिलांपैकी सात पिले पंधरवड्यात मेली तर ‘कोंबडीच ती’ असे म्हणून तो स्वस्थ बसतो. वस्तुतः तेल-मीठ, मुलांच्या वह्या-पुस्तके व आठवड्याचा बाजार यांचा खर्च पुष्कळ घरी याच कोंबड्यांवर चालतो, व तो पैसा बहुधा घरधनिणीच्या हातचा असतो. मेलेली सात पिले म्हणजे तिच्या सहा महिन्यांनंतरच्या मिळकतीतील निम्म्याहून अधिक भाग होय. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्याजोगे असल्यामुळे त्याची कारणे व उपाय येथे क्रमवार देत आहो.

ऊब

एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या अंगावर केवळ लव असते, पिसे नसतात. त्यास आपल्या अंगची उष्णता राखता येत नाही. खुडूक कोंबडी रवणीवर बसविली असेल तर ही काळजी ती स्वतःच घेते. मात्र तिच्या पंखांखाली मावतील इतकीच, म्हणजे दहा-बारा पिले तिच्याकडे ठेवावी. गिरिराज, वनराज इत्यादी सुधारलेल्या जातींची एक दिवसाची पिले विकत आणली असता ऊब आपणांसच द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फारेनहीट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, उष्णता असावी. पुढे दर आठवड्यास ती ५ अंश फारेनहीटने उतरवीत न्यावी. विजेचा दिवा टोपलीखाली किंवा पत्र्याच्या झाकणाखाली टांगून हे काम सहज साधते. भोवती दीड फूट उंचीचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे वर्तुळाकार कुंपण करावे. चौकोनी जागेत पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात व खालची गुदमरून मरतात.

उष्णतामापक यंत्र नसले तरी अडत नाही, कारण पिले स्वतःच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन ती चिवचिवाट करू लागली तर त्यांस थंडी वाजत आहे. दिव्यापासून दूर जाऊन, पंख पसरून व चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता फाजील आहे. सर्वत्र विखरून दाणे टिपीत असतील तर सर्व ठीक आहे असे समजावे. वीज जाईल त्या रात्रीसाठी शेगडी सिद्ध ठेवावी. परंतु बंद खोलीत कोळसा कदापि पेटवू नये. त्याच्या विषारी धुराने पिले तर मरतातच, पण जवळ निजलेल्या माणसांच्याही जिवावर बेतते.

बिछाना, पाणी व खाद्य

जमिनीवर भाताचे तूस दोन इंच जाडीचे पसरावे. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय घसरून फाकतात व ती कायमची पंगू होतात. म्हणून कागद घालणे झाल्यास खरखरीत घालावा. दर पिलास निदान अर्धा चौरस फूट जागा मिळावी. भिजलेले तूस त्याच दिवशी काढून टाकावे.

अंड्यातील बलकाचा अंश पोटात शिल्लक असल्यामुळे पिलू सुमारे दोन दिवस अन्नावाचून जगू शकते व म्हणूनच पेटीतून दूरच्या गावी पाठविता येते. यावरून पहिले दोन दिवस दाणा घालूच नये असा एक समज रूढ झाला. तो बरोबर नाही. पाणी व दाणा जितक्या लवकर मिळतील तितकी आतड्यांची वाढ चांगली होते. प्रवासातून आलेल्या पिलांस प्रथम कोमट पाणी द्यावे व दोन-चार पिलांच्या चोची त्यात बुडवून दाखवाव्या. बाकीची त्यांचे पाहून शिकतात. भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे घालावे, नाहीतर पिले त्यात बुडून मरतात.

खाद्यात शेकडा २० भाग प्रथिने असावी. केवळ तांदळाच्या कण्या घालून पिले वाढविणे अयोग्य होय. गेल्या शतकाच्या आधी, १८९० नंतरच्या दशकात, जावा बेटात आइकमान नावाच्या डच वैद्याने सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. असडीक तांदूळ देताच त्या सुधारल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाचा हा पाया ठरला व १९२९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून मका किंवा जोंधळ्याचा भरडा, कोंडा, शेंगदाण्याची पेंड व सुकटीचा कूट यांचे मिश्रण द्यावे, अथवा पिलांसाठी तयार मिळणारे खाद्य आणावे. पेंड मात्र बुरशी आलेली नसावी. १९६० साली इंग्लंडात एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशी चढलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील विषानेच. ओलसर कोठीतील काळपट पेंड स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते.

रोगांची लक्षणे व इलाज

गुदद्वारास विष्ठा चिकटणे: थंडी, प्रवासाचा शीण किंवा अयोग्य खाद्य यांमुळे असे होते. वाट बंद झाल्यास पिलू मरते. कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ फडक्याने तो भाग भिजवून हळूच पुसावा. ओढून काढू नये, कातडी फाटते. पोटावरील बेंबीची खपली मात्र विष्ठा समजून काढू नये.

बेंबीचा दाह: पहिल्या आठवड्यातच पोट फुगते, बेंबी ओली राहते व दुर्गंधी येते. अशी पिले सहसा वाचत नाहीत. घाणेरडी अंडी उबविणे हे याचे मुख्य कारण. म्हणून रवणीसाठी स्वच्छ अंडीच निवडावी.

पांढरी हगवण: ही आईकडून अंड्यावाटे पिलात उतरते व दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत फार संहार करते. यातून वाचलेली पिलेही पुढे रोग पसरवितात, सबब त्यांची अंडी उबविण्यास घेऊ नयेत. रक्त तपासलेल्या कळपातीलच पिले विकत घ्यावी.

रक्ती हगवण: तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिले पिसे फुलवून, मान आखडून बसतात व विष्ठेत रक्त दिसते. या रोगाचे सूक्ष्म जंतू ओल्या व उबदार बिछान्यात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. कोरडे तूस हा याचा अर्धा उपाय होय. रक्त दिसताच सर्व पिलांस पशुवैद्याच्या सल्ल्याने ॲम्प्रोलियमसारखे औषध पाण्यातून द्यावे. एक दिवसाच्या दिरंगाईनेही पुष्कळ पिले जातात.

मानमोडी: १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यावरून यास राणीखेत रोग म्हणतात. श्वास लागणे, हिरवी हगवण व मान वाकडी होणे ही लक्षणे दिसू लागली की इलाज उरत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लशीचा थेंब घालणे, व पुढे सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी लस टोचणे, हाच खरा उपाय.

सर्वांनी मिळून करावयाचे काम

येथे लहान शेतकऱ्याची खरी अडचण आहे. लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते व पाण्यात कालविल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिलांचा धनी ती एकटा आणीत नाही, आणि त्याच्या अंगणात उठलेली मानमोडी आठ दिवसांत गावभर पसरते. यास्तव एका गल्लीतील आठ-दहा घरांनी खुडूक कोंबड्या एकाच सुमारास बसवाव्या, वर्गणीने एक कुपी आणावी व एकाच सकाळी सर्व पिलांस लस द्यावी. तसेच मेलेले पिलू उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे, व आजारी कोंबडी बाजारात विकू नये, कारण तिच्याबरोबर रोगही दुसऱ्या गावी जातो.

वर सांगितलेल्या गोष्टींस फारसे भांडवल लागत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्ध्या घटकेचे लक्ष लागते. शेतकरी बंधूंनी येत्या रवणीच्या वेळी हा प्रयोग करून पाहावा, आणि किती पिले बसविली व महिन्याअखेर किती राहिली याची नोंद घरच्या वहीत ठेवावी. तो आकडा पाहिला म्हणजे या कामाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.