तीन तासांचं लग्न, एक डीव्हीडी

साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. त्याला चित्रीकरणाच्या सेकंदांनी भागा: दोन तासांच्या लग्नाला सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट येतात, तीन तासांच्या लग्नाला जेमतेम साडेतीन. आवाजाचे ०.२ त्यातूनच वजा. पाचला एमपेग-२ चित्र छान दिसतं. साडेतीनला वरातीच्या नाचात चौकोनी ठोकळे उमटू लागतात, कारण हालचालीला बिट जास्त लागतात. तेव्हा ‘टू-पास व्हेरिएबल बिटरेट’ निवडा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर अवघड प्रसंग हेरतं, दुसरीत तिथे सढळ हाताने बिट देतं नि भटजींच्या मंत्रपठणात वाचवतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू द्या. फिल्म तासाभराचीच असली तरी कमाल मर्यादेला, ९.८ला, भिडू नका. घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर अडखळतात. आठ पुरे.