बऱ्हाणपुरी नाकाला लाल वाईन

नोव्हेंबर 1615 मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीरच्या दरबारी अजमेरला निघाला होता. वाटेत तो बऱ्हाणपुरात थांबला. तिथे तेव्हा शाहजादा परवेझचा मुक्काम होता. रोच्या नजराण्यात बाटल्यांची एक पेटी होती. परवेझ त्याला पुन्हा आत बोलावणार होता, पण पेटी उघडली, शाहजादा झिंगला आणि ती दुसरी भेट राहूनच गेली. दारूपायीच 1626 मध्ये परवेझ याच शहरात वारला. त्याचा काका दानियालही इथेच, तसाच गेला होता. अकबराच्या हुकुमाने पहारा बसल्यावर त्याने बंदुकीच्या नळीत भरून चोरून दारू आणवली, ही हकिकत जहांगीरने स्वतः लिहून ठेवली आहे.

पुढे रोने ईस्ट इंडिया कंपनीला कळवलं, की बादशहा आणि शाहजादा खुर्रम (पुढचा शाहजहान) लाल वाईनवर इतके खूश आहेत की चार-पाच पिंपं पाठवलीत तर जवाहिरापेक्षा त्यांचं कौतुक होईल. आता एवढं प्रेम, तर चवीबद्दल कोणी काय लिहिलं? जहांगीर तारुण्यातल्या पहिल्या प्याल्याबद्दल सांगतो: पिवळसर, गोड, चढली छान. बस. चित्रातल्या पक्ष्याचं पीस न् पीस पारखणारा हा माणूस प्याल्यापाशी मात्र तीन शब्दांत आटपतो, याचं मला नवल वाटतं.

चाखणं हे पिण्याहून वेगळं काम आहे. व्यावसायिक चाखणारे तर घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या घरात हे करायचं झालं तर काचेचा पेला, पांढरा कागद आणि शाबूत नाक एवढं पुरे. पेला कागदावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो. जांभळी झाक असेल तर वाईन तरुण, विटकरी असेल तर मुरलेली. पेल्याच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा ठरवणारे पुष्कळ भेटतात, पण ते ओघळ दारूच्या अंशाचे आणि बाष्पीभवनाचे. दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

मग पेला गरगर फिरवून वास घ्यायचा. खरी गंमत इथे आहे. ‘काळी मिरी’, ‘ढोबळी मिरची’, ‘नारळ’ असं कोणी म्हणालं की आपल्याला ती थापेबाजी वाटते. पण शिराझ द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचं जे द्रव्य असतं, तेच मिऱ्यात असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे 2008 मध्ये दाखवून दिलं. काबर्ने सोव्हिन्याँला ढोबळी मिरचीचा वास येतो तो पायरॅझिनमुळे, आणि मिरचीतही तेच असतं. ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा गंध येतो, अमेरिकन ओक असेल तर ओल्या नारळाचा. लवंगेतलं युजेनॉलही ओकच्या लाकडात आहे. फ्रान्समधल्या बोजोले भागात ताज्या गामे वाईनला केळ्याचा वास येतो, तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. पिकल्या केळ्यातही तेच. केळीच्या बागांत वाढलेल्या बऱ्हाणपूर-रावेरच्या माणसाला तो ओळखायला कोणी शिकवायला नको.

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन नोबल यांनी 1984 मध्ये वासांचं एक चक्र तयार केलं. जगभरचे चाखणारे ते वापरतात. त्यात ब्लॅककरंट आहे, रासबेरी आहे. आपण ती फळं कधी खाल्लेली नसतील, तर नुसती नावं घोकण्यात काय हशील? जांभूळ, करवंद, कोकम, आलुबुखार, मनुका, तंबाखूचं पान ही आपली शिदोरी कमी नाही. मला नाशिकच्या शिराझमध्ये आधी जांभूळ लागतं आणि मागून मिरी. झिनफँडेलमध्ये मनुक्यांचा मुरांबा. अकलूजच्या सांजोवेझेमध्ये कोकमाचा आंबटपणा. तुम्हाला दुसरं काही लागलं तर खुशाल तेच म्हणा.

फक्त डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं!

जिभेवर येतो तो आंबटपणा आणि तुरटपणा. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग मिळतो आणि टॅनिनही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. कच्चं केळं चावून पाहिलं की हेच होतं. तरुण काबर्नेत ते जास्त, मर्लोत सहसा मऊ.

आपल्याकडच्या लाल वाईनचा स्वभाव समजून घ्यायचा तर छाटणीपाशी जावं लागतं. युरोपातली वेल थंडीत झोपते, नाशिकची झोपत नाही. तिची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते (नव्या काड्यांसाठी), पावसाळा सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी), आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. तापमान चढू लागलं की साखर भरभर वाढते आणि आंबटपणा घसरतो. बागायतदार ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजत बसतो. लवकर तोडलं तर काबर्नेत हिरवी मिरची उरते, उशीर केला तर वाईन जड होते. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी सुरू केलेला आणि नाशिकला राजीव सामंतांच्या सुला कंपनीने मोठा केलेला हा धंदा महाराष्ट्राच्या 2001 च्या वाईन धोरणानंतर फोफावला. पण त्याचा कस लागतो तो या तोडणीच्या दिवसांत.

लाल वाईन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, ते युरोपातल्या गार घरांना ठीक. साधारण 16 ते 18 अंश हवेत. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात बाटली फळीवर ठेवली तर नुसती दारूच नाकात जाईल. तेव्हा उघडण्यापूर्वी थोडा वेळ ती फ्रीजमध्ये असू द्या.

आणि जेवण? खानदेशी काळ्या मसाल्याच्या शेवभाजीबरोबर तुरट काबर्ने अजिबात देऊ नका. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चिथावतात. फळाळ, कमी तुरट वाईन चालेल. ओकमध्ये मुरलेली शिराझ भाजलेल्या वांग्याच्या धुरकट भरताशी छान जमते, मिरचीचा हात आखडता असेल तर. बऱ्हाणपूरची मावा जिलबी मात्र वाईन संपल्यावरच काढा. तिच्या गोडीपुढे कुठलीही कोरडी लाल वाईन आंबट आणि कडवट लागते.