कुत्रा चावला, तर भरपाई कुणाकडे मागायची?

शेतातून येताना, शाळेच्या वाटेवर किंवा गल्लीत कुत्रा चावला की आपण आधी दवाखाना गाठतो. तेच बरोबर. पण नंतर प्रश्न उरतो : खर्च कोण देणार? उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. कुत्रं कुणाचं होतं, आणि तुमच्या हातात कागद काय आहे?

पहिल्या दिवशी काय करायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ वाचत नाही, म्हणून लसीचे सगळे डोस पूर्ण करा. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला असाल तर लसीचं कार्ड जवळ ठेवा, पुढचा डोस तिथल्या दवाखान्यात घेता येतो.

केस पेपरवर 'कुत्रा चावला' असं स्पष्ट लिहून घ्या. जखमेचे फोटो काढा, बिलं जपून ठेवा, साक्षीदारांची नावं टिपून ठेवा.

कुत्रं पाळलेलं असेल तर?

पोलीस ठाण्यात तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांसाठी मालकावर दिवाणी दावाही करता येतो.

मात्र वेळ लागतो. मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलर कुत्रा एका ज्येष्ठ नागरिकाला चावला. गिरगावच्या न्यायालयाने मालकाला ३ महिन्यांची कैद सुनावली ती २०२३ मध्ये. एवढी वर्षं खटला टिकतो तो कागदांवर.

भटकं असेल तर?

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. म्हणून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा, रुग्णालय किंवा बसस्थानकाच्या आवारात घटना घडली असेल तर तेही लिहा. अशा ठिकाणची भटकी कुत्री हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला आहे.

दाद मिळाली नाही तर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाता येतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये ठरवले. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण वकील त्याचा दाखला देऊ शकतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आष्टी तालुक्यात २०२० मध्ये बिबट्याने माणसं मारली, तेव्हा वनविभागाच्या भरपाईचा मार्ग होता. पाळीव किंवा भटक्या कुत्र्यासाठी तो मार्ग नाही.

विमा आणि सरकारी मदत

• आरोग्य विमा : बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच खर्च देतात. नुसत्या इंजेक्शनचा खर्च मिळेल का, हे पॉलिसीत बघा.

• प्रधानमंत्री सुरक्षा विमा : बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. सर्पदंशासारख्या घटनांत या योजनेला दवाखान्याची तातडीची नोंद लागते. कुत्रा चावल्यावरही तोच तुमचा आधार.

• गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान : जनावर चावल्याने खातेदार शेतकऱ्याचा किंवा पात्र कुटुंबीयाचा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करा.

तीनही ठिकाणी पहिला कागद एकच मागतात : त्या दिवशीचा केस पेपर. तो फेकू नका, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.