ऑईल पूर्ण निघालं का? मापून बघा



आपल्यातल्या काही गटांकडे आता स्वतःची डिझेल गाडी आहे. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली आणि गावाच्या रस्त्यावर गाडी चालवणं हाही बायकांचा धंदा झाला. गाडी चालली तर हप्ता फिटतो. इंजिन जाम झालं, तर दुरुस्तीत वर्षाची कमाई जाऊ शकते. म्हणून ऑईल बदलताना नुसतं बिल देऊन मोकळं होऊ नका, शेजारी उभ्या राहा.

गाडीच्या पुस्तकात इंजिनात किती ऑईल लागतं ते लिहिलेलं असतं. फिल्टरसकट किती आणि फिल्टर न बदलता किती, हे आकडे वेगळे असतात. समजा पुस्तकात ५ लिटर आहे आणि खाली साडेतीनच लिटर निघालं. मग दीड लिटर गेलं कुठे?

याचं उत्तर मिळायला हवं असेल तर नट खोलायच्या आधीच पट्टी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलेलं. पट्टी पुसून, पुन्हा आत घालून मग वाचायची.

पट्टीवर ऑईल आधीच कमी होतं? मग ते आत अडकलेलं नाही. ते जळलंय किंवा गळलंय. गाडी उभी असते तिथे जमिनीवर डाग आहेत का, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, ते बघा आणि मिस्त्रीला सांगा.

पट्टी भरलेली होती, तरी कमी निघालं? मग जुनं ऑईल आतच आहे. एकेक गोष्ट तपासा :

१. इंजिन गार होतं का? गार ऑईल घट्ट असतं. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून, बंद करून, जरा थांबून मग खोला. कढत ऑईल हातावर आलं तर भाजतं.
२. गाडी कललेली होती का? नटाच्या उलट बाजूला उतार असेल तर ऑईल तिकडेच साठतं.
३. वरचं झाकण काढलं होतं का? हवा आत गेली नाही तर धार अडखळते.
४. घाई झाली का? धार तुटली म्हणजे संपलं नाही. पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या.
५. फिल्टर काढला का? त्यातही जुनं ऑईल राहतं.
६. एवढं करूनही धार बारीकच? चेंबरच्या तळाला गाळ बसला असेल. सळई खुपसू नका. चेंबर खोलून साफ करून घ्या. आत रॉकेल ओतून धुवायला सांगू नका; ते मागे राहिलं तर नवं ऑईल पातळ होतं.

नटच निघत नाही? बरोबर मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना लावायचा. उघडा पाना सटकला की नटाचे कोपरे झिजतात. हातोडी मारली तर चेंबरला तडा जाऊ शकतो. बसवताना नवीन वायसर घाला. नट आधी हाताने फिरवा, मग बेताने कसा. जास्त आवळला की आटे जातात.

मापापेक्षा जास्त निघालं? हे जास्त गंभीर. ऑईलला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत उतरतंय. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. गाडी चालवू नका, आधी दुरुस्ती. नुसतं काळं दिसलं तर घाबरू नका. डिझेल इंजिनाचं ऑईल लवकरच काळं होतं.

दीड लिटर आत राहिलेलं असताना वर पुन्हा ५ लिटर ओतलं तर ऑईल जास्त होतं. त्याला फेस येतो, सील फुटतात. कधी इंजिन ते ऑईलच जाळायला लागतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही. म्हणून मापापेक्षा थोडं कमी घाला, इंजिन चालवून बंद करा, थांबा, पट्टी बघा आणि मग वरची खूण येईपर्यंत थोडं थोडं भरा. नटाखाली ठिबकतंय का तेही बघा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीसुद्धा नाही. खाली स्टँड हवेत आणि चाकांना अडण. जळकं ऑईल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. हाताला लागलं तर साबणाने धुवा.

गटाच्या वहीत एक पान गाडीचं ठेवा : तारीख, किलोमीटर, किती निघालं, किती घातलं. दोन-तीन वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की इंजिनात काही बिघडतंय का, ते गटाच्या बैठकीतही कळेल.