पाण्यावरची सांगड, सांगडीवरचे दिवे

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. जुन्या-नव्याची सांगड, घर आणि नोकरी यांची सांगड. पण सांगड ही मुळात एक वस्तू आहे, आणि तीही पाण्यावरची, हे पठारावरच्या आपल्यासारख्यांच्या ध्यानात राहिलेले नाही. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेले तरण्याचे साधन म्हणजे सांगड. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकात तीन वेदांच्या सांगडी येतात. त्याहून कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगारा’ म्हटले आहे. तो शब्द याच कुळातला मानला जातो.

मी लिहितो आहे जांब समर्थहून. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव, शके 1530, म्हणजे इ. स. 1608. तालुका घनसावंगी, गोदावरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहते. त्रिपुरी पौर्णिमेला द्रोणात वात पेटवून ती पाण्यावर सोडायची, एवढीच आमच्या भागातली जलदीपांची रीत. देवच नावेत बसला आहे, नावेवर आरास आहे आणि रात्रीच्या पाण्यावरून मिरवणूक निघाली आहे, असा सोहळा इकडे नाही. तो कुठे आहे आणि तिथे तो कशासाठी आहे, हे शोधताना मला तीन निरनिराळे प्रकार दिसले.

पहिला प्रकार तळ्यातला. समर्थशिष्य भीमस्वामींचा मठ तंजावरला आहे, त्यामुळे जांबच्या माणसाची नजर तिकडे आधी वळते. तमिळमध्ये ‘तेप्पम’ म्हणजे तराफा, त्यावरून तेप्पोत्सव. मदुराईचे प्रचंड तेप्पकुळम सतराव्या शतकाच्या मध्यास तिरुमल नायकाने खोदवले. तिथे तै महिन्यात मीनाक्षी-सुंदरेश्वर तरंगत्या मंडपात बसतात, काठावरचे लोक दोर ओढतात आणि मंडप तळ्याला फेऱ्या घालतो. रात्रीची फेरी दिव्यांची. तिरुवारूरच्या कमलालय तळ्यातही असाच तराफा फिरतो. तो रिकामी पिंपे एकत्र बांधून करतात. हे तिरुवारूर तंजावरच्या मराठी राज्यातले. तिथल्या त्यागराजावर शहाजीराजांची (कारकीर्द 1684 ते 1712) एवढी भक्ती, की त्यांनी त्याच्या पालखीवर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ रचले. तळे चौफेर बांधलेले असते. देव निघतो, फिरतो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो. राजाने खोदवलेल्या पाण्यावर देवाचे राज्य फिरवून आणण्याचा हा सोहळा आहे.

दुसरा प्रकार गोव्याचा, आणि तिथे सांगड शब्दासकट जिवंत आहे. तिसवाडीतल्या कुंभारजुवे बेटावर गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी ‘सांगोड’ निघतो. दोन होड्या शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या ठोकतात आणि त्या मंचावर पौराणिक किंवा चालू काळातले देखावे उभे करतात. एकटी होडी अरुंद असते. तिच्यावर उंच मखर चढवले तर ती पहिल्याच हेलकाव्याला कलते. दोन होड्या बांधल्या की पाया रुंद होतो, एकीचा कल दुसरी सावरते. ‘सांगड घालणे’ याचा मूळ अर्थ इथे डोळ्यांनी दिसतो.

हा सोहळा मात्र रात्रीचा नव्हे, दिवसाचा. आणि त्यामागची आठवण आनंदाची नाही. तिसवाडी 1510 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे त्याच शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर नेले. कुंभारजुव्याची शांतादुर्गा आज माशेलला आहे. त्या स्थलांतराची स्मृती सांगोडात आहे, असे लोकपरंपरा सांगते. तळ्यातला देव फेरी घालून घरी येतो. इथला देव पाणी ओलांडून गेला तो गेलाच. गंमत अशी, की 24 जूनला, सांजांवाच्या दिवशी, शिवोलीचे ख्रिस्ती लोकही सजवलेल्या होड्यांचा सांगोडच काढतात. धर्म बदलला, पण होड्या बांधण्याची रीत आणि तिचे नाव राहिले.

तिसरा प्रकार खरा रात्रीचा. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात, वाळवंटी नदीवर, त्रिपुरारी पौर्णिमेला नौकांचा उत्सव भरतो. पंढरपूरची आठवण यावी असेच नदीचे नाव, आणि काठावर विठ्ठलाचे देऊळ. साखळीचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर धर्मांतराचा पहिला जोर ओसरला होता. कुंभारजुव्याच्या देवीला गाव सोडावे लागले, विठ्ठलापूरचा विठ्ठल आपल्या गावी राहिला, यात हा कालखंडाचा फरक मोठा आहे.

उत्सवात त्रिपुरासुराचा वध होतो. मग गावोगावच्या कारागिरांनी लाकूड, बांबू, कागद यांतून घडवलेल्या, आतून उजळलेल्या नौका पाण्यात उतरतात. त्यांची स्पर्धा लागते. केळीच्या सोपावरच्या पणतीपासून शिडाच्या जहाजाच्या हुबेहूब प्रतिकृतीपर्यंत सगळ्यांना त्या रात्री एकच नदी. इथे मिरवणारा मुख्यतः देव नव्हे, मिरवतो तो कारागिराचा हात. आणि वेळही नेमकी साधलेली आहे. पावसाचा गढूळ लोंढा ओसरलेला असतो, उन्हाळ्याची ओढ लागलेली नसते, पाणी भरलेले पण संथ असते. दिव्याचे प्रतिबिंब न मोडण्याइतके पाणी स्थिर राहते ते कार्तिकातच.

म्हणूनच या उत्सवाचे भवितव्य दिव्यांवर कमी आणि पाण्यावर अधिक अवलंबून आहे. तेलाच्या जागी बॅटरी आली, कागदाच्या जोडीला थर्माकोल आला. थर्माकोलचा प्रश्न मनात आणले तर एका वर्षात सुटेल. वाळवंटीचा प्रश्न तसा नाही. ती मांडवीला, म्हणजे म्हादईला मिळते. म्हादई जलतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले. महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुक्यातला विर्डी प्रकल्प वाळवंटीच्याच उपनाल्यावर आहे, आणि गोव्याचा त्याला आक्षेप आहे. विर्डीच्या शेतकऱ्याला पाणी हवे, हेही खोटे नाही.

नदी वर अडली की खालच्या काठाचे काय होते, हे आम्हा गोदाकाठच्यांना कुणी सांगायला नको. 1976 मध्ये पैठणला जायकवाडी पूर्ण झाले. त्याने शेते भिजवली, शहरांना पाणी पाजले. आणि धरणाखालच्या पात्रात कार्तिकात किती पाणी असेल हे तेव्हापासून पावसाइतकेच सोडलेल्या पाण्यावर ठरू लागले. आता ठिकठिकाणी बंधारे आहेत आणि त्यांच्या फुगवट्यात पाणी साठते. द्रोणातला दिवा तिथे तरंगतो, पुढे मात्र जात नाही.

वरच्या काठाची गरज आणि खालच्या काठाची नदी, या दोन होड्या आहेत. एकट्या सोडल्या तर दोन्ही कलतील. त्या कशा बांधायच्या, याचा शब्द आपल्या भाषेत दोन हजार वर्षांपासून आहे.